गाडी नीट तर पोरगा नीट

माझी बायको मिरजेच्या दवाखान्यात होती तेव्हा तिला बघायला एक माणूस साताऱ्याहून गाडी घेऊन आला. गाडी त्यानं आवारातल्या एका झाडाखाली लावली. ते झाड बगळ्यांनी भरलेलं. फांद्या दिसत नव्हत्या एवढे बगळे, आणि खाली जमीन चुना सांडल्यासारखी पांढरी. गाडी काळी. मी व्हरांड्यातून बघत होतो. तो उतरला, दार लावलं आणि सरळ माझ्याकडं चालत आला. वर झाडाकडं बघितलं नाही, मागं वळून गाडीकडंही बघितलं नाही.

डॉक्टर मला काही धड सांगत नव्हते. औषध चालू आहे, बघू, एवढंच. लेकीला त्यांनी काय सांगितलं होतं आणि लेकीनं या माणसाला फोनवर काय सांगितलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. पण या माणसानं गाडी बगळ्यांच्या झाडाखाली लावली, म्हणजे माझी बायको आता घरी येत नाही, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

आत येऊन तो तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसला. तोवर येईल तो तिला एकच सांगून जायचा, भिऊ नको. नर्स म्हणायची भिऊ नका, लेक म्हणायची आई भिऊ नको. मीपण तेच म्हणत होतो. हा तिच्याकडं बघून म्हणाला, "बाई, मी भ्यालोय."

ती म्हणाली, "मी बी."

"मग बसतो."

आणि बसला, दुपार कलेपर्यंत. तिला कितीतरी दिवसांनी त्या दुपारी झोप लागली. पुढं ती गेली. अजून वर्ष झालं नाही. घरात मी एकटा आहे, चूल पेटवायचा कंटाळा येतो, आणि बसल्या जागी हा माणूस आठवतो. ज्यांनी त्याला बघितलेलं नाही त्यांना वरचं सगळं येड्याचं बोलणं वाटेल. म्हणून लिहितो. मी चौथी शिकलोय, तेवढ्यात बसेल तेवढंच लिहीन.

आम्ही माणदेशातली, मेंढरं राखणारी माणसं. मेंढरं रोगानं गेली, रान कोरडं, तेव्हा आम्ही दोघं कामाला साताऱ्यात आलो. किल्ल्याच्या बाजूला, गावाच्या कडेला या माणसाचा बंगला होता. मागं एक खोली होती ती आम्हाला दिली. मी झाडलोट, बाग आणि फाटक बघायचो. बायको त्याचा दोन वेळचा स्वयंपाक करायची आणि भांडी घासायची. त्याची बायको आधीच वारली होती. एकुलता पोरगा पलटणीत, तिकडं वर बर्फात. हाही पलटणीतूनच पेन्शन घेऊन आलेला. आमच्याकडं पलटणीतून आलेला कुणीही मेजरच. तोफांच्या आवाजानं त्याचा एक कान गेला होता, म्हणून तो जे बोलायचा ते ओरडून. प्रेमानं बोलला तरी शिवी दिल्यासारखं वाटायचं. आळीतली माणसं तोंडावर आवं मेजर, जी मेजर करायची आणि पाठ फिरली की अरे-तुरे. मीही तसलाच. इथंही अरे-तुरेच करतोय, पण ते आता वेगळ्या कारणानं.

ती गाडी पोराची. पोरगा सुट्टीवर आला, हौसेनं काळी गाडी घेतली, थोडे दिवस फिरवली आणि जाताना किल्ली बापाच्या हातात दिली. "बाबा, नीट ठेवा," म्हणाला. पोरं म्हणतात असं. एसटी हलायला लागली की काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. मेजरनं तो हुकूम धरला.

सुरुवातीला तो नुसता टापटीप ठेवायचा. पण एका उन्हाळ्यात टपावर मागच्या बाजूला कुठल्या पाखरानं शिटलेलं त्याला दिसलं नाही, ते तसंच उन्हात राहिलं. काढलं तेव्हा खाली रंगात एक डाग उरला, रुपयाच्या नाण्यासारखा गोल. किती पुसला तरी जाईना. आणि त्याच आठवड्यात पोरगा तिकडं बर्फावरून घसरला आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. झालं. मेजरच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं. तो ते कुणाला बोलून दाखवायचा नाही. मला एकदाच म्हणाला, फडकं पिळता पिळता, माझ्याकडं न बघता. "गाडी नीट तर पोरगा नीट. ध्येनात ठेव." मी हसलो असतो, पण कोरडं झालेलं फडकं तो अजून पिळतच होता.

मी कामाला लागलो त्या पहिल्याच सकाळी त्यानं मला गाडीपुढं उभं केलं होतं. कवायतीला उभं करतात तसं. हातातलं कडं काढायला लावलं. कमरेचा करदोटा आत खोचायला लावला. तो स्वतः गाडीपाशी जाताना अंगठी, घड्याळ, पट्टा, सगळं काढून पायरीवर ठेवायचा आणि लुंगी नेसायचा, कारण पँटचं बटण रंगाला लागतं. मग मला म्हणाला, "घासायचं न्हाई. आभाळ कोसळलं तरी घासायचं न्हाई. पाखराला दात न्हाईत. दानं दळायला ते वाळू गिळतं. ती वाळू शिटंत असती. घासलंस की वाळू फिरती, रंग गेला."

त्याची पद्धत अशी. जुन्या बनियनचं फडकं घ्यायचं. पाणी कोमट. फडकं पिळायचं नाही, थबथबीत तसंच शिटेवर ठेवून द्यायचं. मग थांबायचं. त्या वेळात तो गाडीकडं पाठ करून पायरीवर चहा प्यायचा. बघत बसलं की हात शिवशिवतात, म्हणायचा. मऊ झालं की फडकं एका बाजूनं वर उचलायचं, ओढायचं नाही. राहिलं तर दुसरं ओलं फडकं, पुन्हा थांबायचं. बादल्या दोन, एक फडकं खळबळायला आणि एक चांगल्या पाण्याची. शेवटी कोरडं कापड वरून नुसतं टेकवायचं. तान्ह्या पोराचं पुसावं तसं. आणि हे सगळं ऊन तापायच्या आत. काळा पत्रा उन्हात तापला की रंग ढिला पडतो आणि वरचं आत रुततं, असं त्याचं म्हणणं. ते खरंच होतं. टपावरचा डाग मी बोट फिरवून बघितला होता. बोटाला खळगा लागायचा.

गाडीला कव्हर का घालत नाही, असं आळीत एकानं विचारलं. त्याला मेजरनं अर्धा तास उभा करून सांगितलं की कव्हरखाली धूळ अडकते आणि वाऱ्यानं घासते. छप्पर घातलं होतं, तर त्याच्या खाली पारव्यांनी घरटी केली आणि आतूनच शिटायला लागले. त्यानं छप्पर उतरवलं. जाळी लावली, तर जाळीवर बसून. तारेखाली गाडी कधीच लावायची नाही, तार म्हणजे पाखरांचं बाकडं. एकदा आम्ही लोणंदच्या बाजाराला गेलो, तर त्यानं गाडी बाजारापासून लांब, जिथं झाड नाही, खांब नाही, अशा उघड्या माळावर लावली आणि कांद्याची पोती आम्ही दोघांनी उन्हातून पाठीवर वाहिली. पोतं टेकवून मी म्हटलं, "मेजर, गाडी कशाला हाय मग?" तो म्हणाला, "ठेवायला."

शीट बघून पाखरू ओळखायचा. हे साळुंकीचं, हे पारव्याचं, हे वटवाघळाचं, ते पाखरूच न्हवं. कावळ्याचं असलं की काही बोलायचा नाही. आधी काढायचा, मग आत जाऊन पोराला फोन लावायचा. पोरगा बोलला की बाहेर येऊन म्हणायचा, "बरं हाय." आम्ही विचारलेलं नसायचं.

पितृपंधरवड्यात तर आळीला ताप. शेजारी एक म्हातारे गुरुजी राहायचे, त्यांच्या परसात मोठं जांभळीचं झाड, त्याची एक फांदी थेट आमच्या अंगणावर आलेली. गुरुजींनी सामाईक भिंतीवर कावळ्यांसाठी पान ठेवलं. मेजर लुंगीवर बाहेर.

"गुरुजी, आजोबास्नी जेवू घाला, माझी ना न्हाई. पर पंगत तुमच्या भिंतीवर मांडा."

गुरुजी म्हणाले, "मेजर, पितर काय भिंत बघून येत नाहीत."

"आन जाताना गाडी बघून जात्यात व्हय?"

आळी आठवडाभर हसली. मीही हसलो. पण माझी बायको हसली नाही. ती म्हणाली, "हसू नगासा. त्यो भ्यालेला मानूस हाय." ती भांडी घासता घासता माणसं बघायची. मला वर्षानुवर्षं जे दिसलं नाही ते तिला पहिल्या आठवड्यात दिसलं होतं. मेजर ओरडायचा ते रागानं नाही. रानात रात्री लांडग्याची चाहूल लागली की आम्हीही असंच ओरडायचो, जोरजोरात, उगाच एकमेकांची नावं घेऊन.

आता मुख्य सांगतो.

जांभळं पिकायचे दिवस होते. साळुंक्या आणि कोकिळा दिवसभर गुरुजींच्या जांभळीवर, आणि मेजर दिवसभर अंगणात. त्याला डोळ्यांनी धूसर दिसायला लागलं होतं. मोतीबिंदू. तो पुढं काढला म्हणूनच मिरजेला गाडी चालवत आला, पण तेव्हा डॉक्टरकडं जायला तयार नव्हता, कारण तेवढा वेळ गाडी कोण बघणार. शेवटी एका दुपारी मीच त्याला रिक्षात घालून डोळ्याच्या डॉक्टरकडं नेला. बायको घरी एकटी होती.

आम्ही गेल्यावर तिनं बघितलं, गाडीच्या बॉनेटवर मधोमध भलं मोठं जांभळं शिटलेलं, ऊन डोक्यावर, आणि कडा वाळायला लागलेल्या. तिला आठवला टपावरचा डाग. मेजर यायला संध्याकाळ होणार, तोवर हे रुतणार. गाडीला हात लावायची तिला मुभा नव्हती. आम्ही गाडीपाशी असताना ती स्वयंपाकघरात असायची, फडकं, थांबणं, उचलणं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिला एकच ठाऊक होतं, डाग कसा काढतात. जन्मभर तिनं भांड्यांची काळी बुडं पांढरी केली. ती राख आणि काथ्या घेऊन आली आणि तिनं घासलं. मन लावून घासलं. पोरासाठी घासलं.

डाग गेला. पाणी मारून वाळलं तेव्हा तिथं भाकरीएवढा गोल उमटला, पांढरट, बारीक बारीक ओरखड्यांचा. चकाकी गेलेली. मग तिनं डोक्याला लावायचं खोबरेल तेल आणून त्यावर चोळलं, आणि तेलानं ओरखडे झाकले गेले. काळं कुळकुळीत दिसायला लागलं. संध्याकाळी मेजर आला, त्यानं गाडीभोवती नेहमीची फेरी मारली, त्याच्या डोळ्यात डॉक्टरनं औषध घातलेलं, त्याला काही दिसलं नाही.

चुलीपाशी तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, सांगून टाक. बोंब मारील, आळी गोळा करील आणि गप बसंल. ती म्हणाली, उद्या सांगते, त्याचं जेवण झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी मेजरनं नेहमीसारखं धुळीसाठी ओलं फडकं हलक्या हातानं फिरवलं आणि तेल निघून गेलं. त्याच्याच हाताखाली ते वर आलं. मी फाटकापाशी होतो. मला वाटलं आता ओरडेल. तो ओरडला नाही. तो वाकून, नाक बॉनेटला लावून बघत राहिला. मग त्यानं फडकं डोळ्याजवळ नेऊन उलटंपालटं करून बघितलं. मग हात बघितला.

तो पोराच्या फोनचा दिवस होता. फोन आला नाही. मेजरनं लावला तर बाईचं रेकॉर्ड बोलायचं, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. टीव्हीवर सीमेवरचं दाखवत होते, तेच तेच चित्र, धूर आणि डोंगर, आणि ओरडणारी माणसं. पोरगा नक्की कुठं होता ते पोरगा कधी सांगायचा नाही. दुसरा दिवस गेला, फोन नाही. पुढचाही गेला.

आता बायको सांगणार कशी. आता ते गाडीवर ओरखडा काढला असं सांगणं राहिलं नव्हतं. ती मला म्हणाली, "आवं, माज्या हातानं झालं." मी म्हटलं, खुळी हायस का, गाडीचा आणि पोराचा काय संबंध. म्हटलं खरं, पण माझं मलाच ते पटेना. दिवसा पटायचं, अंधार पडला की पटायचं नाही. तिनं बिरोबाला नवस केला, पोरगं बोलू दे, मी अनवाणी येईन. जेवण तिनं सोडलं. पाण्याबरोबर गूळ खायची. मी रागावलो, मी ताट पुढं सरकवलं, ती उठून गेली.

आणि मेजर गप्प झाला. त्याला गप्प बघून आळी घाबरली. साळुंक्या टपावर बसायच्या, तो हाकलायचा नाही. गुरुजींनी येऊन विचारलं, मेजर, बरं नाही का, तर मान हलवली. तो एकच करायचा. त्या ओरखड्यांच्या गोलावर ओलं फडकं ठेवायचा, वाळलं की पुन्हा ओलं करायचा. भाजलेल्या माणसाला ठेवतात तसं. रंग काय बरा होतो का? मला त्याच्याजवळ जायची भीती वाटायची. हा माणूस ओरडत होता तोवर बरं होतं.

मग बायकोनं एक बघितलं. जेवायला वाढताना. मेजर डाव्या हातानं जेवत होता.

आमच्यात डाव्या हातानं जेवत नाहीत. लहान पोरानं डावा हात ताटाला लावला तर फटका बसतो. हा शिस्तीचा माणूस, डाव्या हातानं भाकरी मोडायची खटपट करत होता आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. तिला वाटलं हाताला लागलंय. मी मागच्या दारात कांदे निवडत बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"मेजर, उजव्या हाताला काय झालंय? हळद लावू का?"

त्यानं हात मांडीखाली आणखी दाबला.

"सुजलाय का?"

"त्या हातानं घान केलीया," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज हळू होता. "दिसत न्हाई मला. फडक्यात खडा ऱ्हायला असंल. मीच घासलं, बाई. जगाला सांगत फिरलो घासू नका, आन मीच घासलं. पोराला माज्याच हातानं..."

मी कांदे सोडून उठलो. दारातून बघितलं तर बायको ताटापुढं खाली बसली होती. या माणसाला ती लय भ्यायची, त्याच्यापुढं कधी मान वर केली नव्हती. ती म्हणाली, "आवं, तुमी न्हाई. मी. मी घासलं. तुमी डोळं दावाय गेला हुता तवा."

मेजरनं वर बघितलं. "कशानं?"

"राख आन काथ्यानं."

त्यानं डोळे मिटले. कुणी कानशिलात मारावी तसं त्याचं तोंड झालं. मला वाटलं आता ताट फेकणार, आता बोचकं बांधायचं. मी खोलीतल्या सामानाचा विचारसुद्धा करून टाकला.

"वर त्याल लावलं," ती म्हणाली. "दिसू ने म्हनून."

"म्हंजे मी न्हाई?"

"न्हाई."

त्याचा उजवा हात मांडीखालून बाहेर आला आणि नुसता ताटाशेजारी जमिनीवर पडून राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मी बघितलं, आणि ते उतरून कुठं गेलं तेही बघितलं. बायको वाकत वाकत पार जमिनीला टेकली. ती म्हणाली, "म्हंजे माज्यामुळं. पोराला काय झालं तर माज्या हातानं."

मेजरनं तिच्याकडं बघितलं. मग उठला, हात धुतला, म्हणाला, "राख कुठं हाय?"

आम्हाला कळेना. तो स्वतःच चुलीपाशी गेला. राखेची वाटी घेतली, मोरीतला काथ्या घेतला आणि बाहेर पडला. अंगठी काढली नाही, घड्याळ काढलं नाही, पँटवर तसाच. बॉनेटवरचं ओलं फडकं त्यानं भिरकावलं आणि उजव्या हातानं, तिच्या गोलाला लागूनच, राख टाकून घासायला लागला. खसाखसा. कातडं सोललं तरी बेहत्तर अशा जोरानं. काळं पाणी ओघळून खाली आलं. गुरुजी भिंतीवरून बघत होते. मी धरायला गेलो तर कोपरानं ढकललं. तिचा गोल आणि त्याचा गोल एकमेकांत गेले, सगळं बॉनेट पिठूळ झालं, तेव्हा तो थांबला. धापा टाकत बायकोकडं वळून म्हणाला, "आता कुनाचं कुठलं ते देवाला बी कळायचं न्हाई."

आणि मग दमल्यासारखा, नेहमीच्या मोठ्या आवाजात, "जेव आता."

ती त्या दिवशी अर्धी भाकरी जेवली. त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्यासमोर. तो उजव्या हातानं.

एखाद्याला वाटेल लगेच फोन वाजला. नाही वाजला. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. एवढाच फरक झाला की आता तिघं मिळून भ्यायचो. पूर्वी आम्ही खोलीत आणि तो बंगल्यात, मधे अंगण. आता तो सकाळी हाक मारायचा, "ए, बसा हितं," आणि आम्ही पुढच्या पायरीवर बसायचो. फोन मधे फरशीवर. तो आम्हाला सांगायचा, पलटणीत असताना त्याला कशाची भीती वाटायची. गोळीची नाही. टपालाची. घरून पत्र आलं की तो ते दिवसभर खिशात ठेवायचा, फोडायचा नाही. बायको सांगायची, मेंढरं घेऊन कोकणात उतरताना घाटात तिला कड्याकडं बघवायचं नाही, म्हणून ती माझ्या घोंगडीकडं बघत चालायची. हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं मी पुढं चालत होतो.

त्यानं एक मात्र सांगून ठेवलं होतं. पोराचा नंबर आला की फोनवर पोराचा फोटो येतो. वळखीचा नंबर म्हंजे पोरगा. बिनवळखीचा म्हंजे पलटण. पलटण उगीच फोन करत न्हाई.

फोन वाजला तेव्हा सकाळ होती. चहा झाला होता, बायको लसूण सोलत होती. गाडीवर टपापासून काचेपर्यंत पाखरांनी रांगोळी घातलेली आणि मेजर तिकडं बघतही नव्हता. फोन वाजला आणि आम्ही तिघांनी खाली बघितलं. फोटो नव्हता. नुसता नंबर.

मेजरच्या धूसर डोळ्यांनाही एवढं दिसलं. फोटोच्या जागी काही नाही, हे दिसायला नजर लागत नाही. त्याचा हात हलला नाही. "तू उचल," तो मला म्हणाला. मी हात पुढं केला, पण बोटं मिटेनात. मी खोटं कशाला लिहू, मला उचलता आला नाही. फोन थरथरत फरशीवरून सरकत होता, पायरीच्या कडेकडं.

बायकोनं लसूण खाली ठेवला. हात पदराला पुसले. तिनं जन्मात फोन उचललेला नव्हता, लेकीचा आला तरी मी तिच्या कानाला लावायचो. मेजर फोनवर बोट कसं फिरवतो ते तिनं बघितलं होतं, तसं फिरवलं. आधी उलटा धरला, मग सरळ केला.

"कोन?"

तिकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मेजर तिच्या तोंडाकडं बघत होता. इतकं बघत होता की मला त्याच्याकडं बघवेना. मी गाडीकडं बघत राहिलो.

"मी हितली, भांडी घासनारी," ती फोनमध्ये म्हणाली. मग थोडं थांबून, "कुनाचा फोन घेतलायस मग?" मग आणखी हळू, "तू जेवलास का, बाळा?"

आणि तिनं फोन कानापासून काढून त्यावर पंजा झाकला, वाऱ्यात दिव्यावर धरतात तसा.

"बोलतंय," ती म्हणाली. "पोरगं बोलतंय."

मेजर हलला नाही. "काय म्हनतंय?"

"बाबा हायत का म्हनून इचारतंय."

मेजरनं दोन्ही हातांनी पायरीची कड धरली.

"हाय म्हनावं त्याला," तो म्हणाला. "बाबा हाय म्हनावं."